परवान्याचा अधिकार आणि दाद मागण्याची वाट : न्यूयॉर्क शहरातील प्लंबिंग नियमनाचा अभ्यास

प्रस्तावना

नागरी प्रशासनाच्या अभ्यासात पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा हे विषय नेहमी येतात. परंतु इमारतीच्या भिंतीआड जाणारा नळ कोणी जोडावा, त्याची पात्रता कोणी ठरवावी आणि नियमावलीतील एखादे कलम जाचक वाटल्यास दाद कोठे मागावी, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक या प्रश्नांत प्रशासनशास्त्रातील एक मूलभूत पेच दडलेला आहे. प्लंबरचे कौशल्य प्लंबरलाच कळते. म्हणून परीक्षक त्याच धंद्यातील असावा लागतो. पण परीक्षक त्याच धंद्यातील असला की नवा परवाना म्हणजे त्याच्यासाठी नवा स्पर्धक ठरतो. जाणकाराला बाजूला ठेवावे तर अज्ञानाचा धोका आणि त्याच्या हाती निर्णय द्यावा तर स्वार्थाचा धोका, अशी ही कोंडी आहे. न्यूयॉर्क शहराने सुमारे एकशे चाळीस वर्षांत या कोंडीतून कसा मार्ग काढला आणि तो मार्ग कोठे अपुरा पडला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हा विषय केवळ नळदुरुस्तीचा नव्हे, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. १९३३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले असताना तेथील दोन हॉटेलांमधील सदोष नळजोडणीमुळे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. त्यातून आमांशाची साथ उद्भवली आणि ९८ जणांचा मृत्यू झाला. प्रदर्शन पाहून आपापल्या गावी परतलेले पाहुणे तेथे आजारी पडत गेल्याने रोगाचे मूळ लवकर लक्षात आले नाही. २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली आणि ४२ दगावले. न्हाणीघरातील ट्रॅप, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात तो, कोरडा पडल्यामुळे सांडपाण्याच्या नळातील दूषित हवा घरात शिरली असावी, असा निष्कर्ष तेथील तपासात काढण्यात आला. ट्रॅपमधील दोन इंच पाणी ही क्षुल्लक बाब नाही.

गटारवायूची भीती आणि पहिला कायदा

न्यूयॉर्कमध्ये १८८१ साली राज्य विधिमंडळाने एक कायदा संमत केला. न्यूयॉर्क व त्या वेळी स्वतंत्र शहर असलेले ब्रुकलिन येथील प्लंबरांनी आपली नोंदणी करावी आणि नव्या इमारतींतील नळव्यवस्थेचे आराखडे आरोग्य खात्याकडून मंजूर करून घ्यावेत, असे त्याचे स्वरूप होते. या कायद्यामागील शास्त्रीय समजूत मात्र चुकीची होती. गटारातून निघणारा वायू हाच विषमज्वर व घटसर्प यांचे कारण आहे, असे तत्कालीन सुशिक्षित वर्ग मानत असे. जंतुशास्त्राने पुढे ही उपपत्ती मोडीत काढली. तथापि तिच्या आधारे केलेले ट्रॅपचे व व्हेंट नळाचे नियम टिकून राहिले आणि उपयोगीही ठरले. अमॉय गार्डन्सचा अनुभव पाहता, चुकीच्या कारणासाठी केलेला नियम योग्य ठरण्याचे हे एक लक्षणीय उदाहरण म्हणावे लागेल. (याच सुमारास, १८८८ साली, मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला व त्यातही परवानाधारक प्लंबरची कल्पना आली, हा योगायोग मराठी वाचकास उद्बोधक वाटेल.)

नोंदणी म्हणजे केवळ नाव लिहून घेणे. त्यातून कौशल्याची हमी मिळत नसे. म्हणून १८९२ च्या कायद्याने राज्यातील शहरांमध्ये प्लंबर-परीक्षा मंडळे स्थापन केली. मंडळावर पाच सदस्य असावेत. त्यांपैकी दोन स्वतःचा व्यवसाय चालविणारे मास्टर प्लंबर, एक मजुरीवर काम करणारा कुशल कारागीर आणि उरलेले दोन शहराचे अधिकारी, एक आरोग्य खात्याचा प्लंबिंग निरीक्षक व दुसरा मलनिस्सारणाचा प्रमुख अभियंता, अशी ही रचना होती. पाचांपैकी तिघे धंद्यातील, म्हणजे बहुमत धंद्याचे. परीक्षा घेणे व प्रमाणपत्र देणे अथवा नाकारणे हे दोन्ही अधिकार याच मंडळाकडे होते.

या रचनेतील आणखी एक बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. परीक्षेची सक्ती मास्टर प्लंबरला, म्हणजे व्यवसायाच्या मालकाला होती. प्रत्यक्ष पाना हाती घेऊन नळ जोडणाऱ्या कामगाराला ती नव्हती. मालक जाणकार असला की त्याच्या देखरेखीखालील काम निर्दोष होईल, असे गृहीत धरण्यात आले होते.

न्यायालयातील वाद

हा कायदा लवकरच न्यायालयात गेला. प्रमाणपत्राविना मास्टर प्लंबरचा व्यवसाय केल्याबद्दल अटक झालेल्या नेचामकस नामक व्यक्तीने त्याच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले. न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने १८९५ साली निकाल देऊन कायदा वैध ठरविला. सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी राज्याला असलेल्या नियमनाधिकारात तो बसतो, असे बहुमताचे म्हणणे होते. मात्र हे बहुमतही निःशंक नव्हते. कायदा अधिकारमर्यादेच्या अगदी काठावर उभा असल्याची जाणीव निकालपत्रात स्पष्ट दिसते. न्यायमूर्ती रुफस पेकहॅम यांनी विरोधी मत नोंदविले. आरोग्याचे नाव पुढे करून धंद्यातील प्रवेशाची वाट अरुंद करण्याचा हा प्रकार आहे, अशा आशयाची त्यांची भूमिका होती. हेच पेकहॅम पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०५ च्या प्रसिद्ध लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांच्या कामाच्या तासांवरील मर्यादा रद्द ठरविणारा बहुमताचा निकाल त्यांनी लिहिला. त्या निकालामुळे पेकहॅम यांचे नाव इतके बदनाम झाले, की प्लंबरविषयक खटल्यातील त्यांच्या शंकेकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. ती शंका मात्र निराधार नव्हती. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०६ साली तेथील प्लंबर-परवाना कायदा अवैध ठरविला, याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. एकाच विषयावर दोन राज्यांतील न्यायालये परस्परविरुद्ध दिशांना गेली होती.

सद्यःस्थितीतील परवाना पद्धती

न्यूयॉर्क राज्यात आजही राज्यस्तरीय प्लंबर परवाना नाही. परवाना देणे हे शहरांचे काम आहे. न्यूयॉर्क शहरात हा अधिकार इमारत विभागाच्या आयुक्तांकडे आहे. अर्जदाराने आधीच्या दहा वर्षांच्या काळात किमान सात वर्षे परवानाधारक मास्टर प्लंबरच्या प्रत्यक्ष व सततच्या देखरेखीखाली काम केलेले असावे लागते. अभियांत्रिकीची पदवी असल्यास ही अट पाच वर्षांवर येते. त्यानंतर लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन परीक्षा आणि मग पूर्वेतिहासाची चौकशी होते. परवाना तीन वर्षांसाठी असतो. परवानाधारकास विभागाकडून शिक्का मिळतो. ज्या व्यवसायसंस्थेमार्फत तो काम करतो, तिच्यात त्याचे किमान ५१ टक्के नियंत्रण असणे बंधनकारक आहे. या अखेरच्या अटीचा हेतू उघड आहे. भांडवलदाराने नामधारी परवानाधारक नोकरीला ठेवून धंदा चालवू नये, यासाठी ती आहे.

या प्रक्रियेत परवाना मंडळाचे स्थान कोणते? धंद्यातील जाणकार व विभागाचे प्रतिनिधी त्यात बसतात, अर्जदाराची पात्रता पाहतात, आलेल्या तक्रारींचा विचार करतात व आयुक्तांना शिफारस करतात. निर्णय आयुक्तांचा असतो. १८९२ च्या मंडळाकडे जो निर्णयाधिकार होता, तो येथे सल्ल्याच्या पातळीवर आला आहे. प्रस्तावनेत मांडलेल्या कोंडीला शहराने दिलेले हे उत्तर होय. जाणकाराचे ऐकायचे, पण स्वाक्षरी त्याच्याकडे द्यायची नाही.

या उत्तराचे महत्त्व २०१५ साली अधिक स्पष्ट झाले. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दंतवैद्यक मंडळाने, दंतवैद्य नसलेल्या व्यावसायिकांनी दात पांढरे करून देण्याचे काम बंद करावे, अशी पत्रे पाठविली होती. मंडळाच्या आठ सदस्यांपैकी सहा जण व्यवसाय करणारे दंतवैद्य होते. ज्या मंडळावर त्याच बाजारात व्यवसाय करणाऱ्यांचे नियंत्रण आहे, त्याला राज्याच्या प्रत्यक्ष देखरेखीविना स्पर्धाविषयक कायद्यापासून संरक्षण मिळणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले. निकाल दंतवैद्यांविषयी असला तरी अशा रचनेच्या प्रत्येक परवाना मंडळाला तो विचार करावयास लावणारा आहे.

परवान्याच्या अटींत एक सामाजिक अडचणही आहे. सात वर्षांचा अनुभव सिद्ध करावयाचा तर वेतनाच्या व कराच्या नोंदी हव्यात. रोखीने मजुरी घेणारा कामगार, विशेषतः नव्याने आलेला स्थलांतरित, वर्षानुवर्षे उत्तम काम करूनही ते कागदावर दाखवू शकत नाही. कौशल्य हाती आहे पण पुरावा नाही, अशा माणसापुढे मग दुसऱ्याच्या परवान्याखाली राबण्यावाचून पर्याय उरत नाही. परवान्याची बेकायदा देवघेव जेथे सुरू होते, त्या जागांपैकी ही एक आहे.

नियमाविरुद्ध दाद

परवाना हा व्यक्तीचा प्रश्न झाला. नियमावलीतील कलमाच्या अन्वयार्थाचा वाद हा निराळा प्रश्न असून त्यासाठी शहराने निराळी वाट ठेवली आहे. न्यूयॉर्कची सध्याची प्लंबिंग नियमावली आंतरराष्ट्रीय आदर्श नियमावलीवर आधारलेली असली तरी शहराने तीत पुष्कळ बदल केले आहेत. या धर्तीवरील पहिली नियमावली २००८ साली अमलात आली. २०१४ व २०२२ साली ती सुधारण्यात आली.

समजा, शंभर वर्षांच्या जुन्या इमारतीत नवे स्वच्छतागृह बांधावयाचे आहे आणि व्हेंट नळ नियमात सांगितल्याप्रमाणे नेण्यास जागाच नाही. आराखडा तपासणारा अधिकारी हरकत नोंदवितो. अशा वेळी अर्जदाराचा वास्तुशास्त्रज्ञ वा अभियंता प्रथम इमारत विभागाकडेच लेखी निर्णय मागतो. कलमाचा अर्थ असा नव्हे, किंवा कलम पाळणे व्यवहारतः अशक्य असून सुचविलेला पर्याय तितकाच सुरक्षित आहे, असे त्याला दाखवावे लागते. बहुसंख्य प्रकरणे याच पातळीवर मिटतात. विभागाचा अंतिम निर्णय अमान्य असेल, तर तीस दिवसांच्या आत 'बोर्ड ऑफ स्टँडर्ड्स अँड अपील्स' या मंडळाकडे, म्हणजे मानके व अपील मंडळाकडे, जाता येते.

हे मंडळ १९१६ साली, शहराच्या पहिल्या झोनिंग नियमांबरोबर, अस्तित्वात आले. महापौर नगर परिषदेच्या संमतीने पाच सदस्यांची सहा वर्षांसाठी नेमणूक करतात. त्यांत एक नगररचनाकार, एक वास्तुशास्त्रज्ञ व एक अभियंता असणे आवश्यक आहे. प्लंबरसाठी राखीव जागा नाही, ही बाब मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. मंडळापुढील सुनावणी जाहीर असते आणि विभागाचा निर्णय फिरविण्यासाठी पाचांपैकी तिघांचे अनुकूल मत लागते. व्यावहारिक अडचण किंवा अकारण जाच सिद्ध झाल्यास इमारतीच्या बांधकामाशी व साधनसामग्रीशी संबंधित नियमांतून सवलत देण्याचा अधिकार मंडळास आहे. परंतु नियमाचा मूळ हेतू राखला जावा आणि सार्वजनिक सुरक्षिततेस बाध येऊ नये, हे बंधन त्यावर आहे. मंडळाचा निर्णयही अमान्य असल्यास तीस दिवसांत राज्याच्या सुप्रीम कोर्टात जाता येते. न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' हे नाव सर्वोच्च नव्हे तर प्रथम पातळीच्या न्यायालयाला आहे. अमेरिकी विधिव्यवस्थेचा अभ्यास करताना येथे हमखास गफलत होते.

या मंडळाचा बहुतांश वेळ जमीनवापराच्या वादांत जातो. प्लंबिंगची प्रकरणे त्यात तुरळक आढळतात. त्यावरून मंडळ निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. वर एक स्वतंत्र मंडळ बसलेले आहे आणि आपल्याला कारणे द्यावी लागतील, ही जाणीव खालच्या अधिकाऱ्याच्या हरकतीला शिस्त लावते.

अपील मंडळ धंद्याबाहेरचे का असावे, याचे उत्तर शेजारच्या फिलाडेल्फियात मिळते. तेथे कॉमकास्ट सेंटर ही गगनचुंबी इमारत उभी राहत असताना बांधकाम कंपनीने ११६ निर्जल मूत्रपात्रे बसविण्याचे ठरविले. प्लंबर कामगारांच्या संघटनेने २००६ साली त्यास विरोध केला. आरोग्याचे कारण पुढे करण्यात आले. पण पाणी नाही म्हणजे पाण्याचा नळ नाही आणि नळ नाही म्हणजे तो बसविण्याचे काम नाही, हे कारणही लपून राहिले नाही. अखेर तडजोड झाली. मूत्रपात्रे निर्जलच राहिली, परंतु भिंतीआड पाण्याचे नळ नेऊन ठेवण्यात आले. पाणी वाचविण्यासाठी आणलेल्या साधनामागे पाण्याचा नळ ही तडजोड विनोदी वाटते. पण ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांच्याकडून निव्वळ तांत्रिक निवाड्याची अपेक्षा ठेवणे किती कठीण, हे तीतून दिसते.

शिस्तभंग आणि उसना शिक्का

तिसरा प्रश्न परवानाधारकाच्या गैरवर्तनाचा. परवाना निलंबित अथवा रद्द करावयाचा असल्यास इमारत विभाग स्वतःच आरोप ठेवून स्वतःच शिक्षा देत नाही. प्रकरण १९७९ साली स्थापन झालेल्या, शहराच्या प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे चालते. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी विभागावर असते, परवानाधारकास वकील देता येतो आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. न्यायाधीशांचा अहवाल आल्यावर अंतिम आदेश आयुक्त काढतात. परवाना ही उपजीविका असल्याने ती काढून घेण्यापूर्वी एवढी काळजी घेणे योग्यच आहे.

अशा रीतीने पात्रता, नियमाचा अर्थ आणि गैरवर्तन हे तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या व्यासपीठांवर सोपविण्यात आले. कागदावर ही विभागणी निर्दोष दिसते. तिची कसोटी २६ मार्च २०१५ रोजी लागली. मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागात सेकंड अॅव्हेन्यूवर वायूचा स्फोट होऊन आग लागली, तीन इमारती जमीनदोस्त झाल्या आणि दोन तरुणांचा बळी गेला. वायूचे नळ बसविणे हे न्यूयॉर्कमध्ये मास्टर प्लंबरच्या परवान्यात येते. तळमजल्यावरील उपाहारगृहाच्या जोडणीतून वरच्या सदनिकांना चोरून वायू नेण्यात आला होता, असे तपासात आढळले. इमारतीची मालकीण, ठेकेदार आणि काम करणारा प्लंबर यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविण्यात आले. त्या प्लंबरकडे परवाना नव्हता. परवाना दुसऱ्या एका मास्टर प्लंबरचा होता. आपले नाव व परवाना त्याने वापरू दिला, असा आरोप त्याच्यावरही ठेवण्यात आला.

या प्रकरणात परीक्षा मंडळाची चूक नव्हती. ज्याची परीक्षा झाली तो पात्रच होता. अपील मंडळाचीही नव्हती. कोणत्याही कलमाविरुद्ध कोणी दाद मागितलेली नव्हती. शिस्तभंगाची यंत्रणा तर तक्रार आल्यावरच हलते. तिन्ही व्यासपीठे आपापल्या जागी शाबूत असताना त्यांच्यामधील फटीतून हा अपघात घडला. ती फट १८९२ च्या गृहीतकात होती. मालकाची परीक्षा घेतली म्हणजे हाताची परीक्षा झाली, असे मानण्यात आले होते. शिक्का एकाचा, हात दुसऱ्याचा आणि देखरेख कोणाचीच नाही, ही परिस्थिती ओळखण्याचे साधन परवाना पद्धतीत नव्हते. ५१ टक्क्यांची अटही येथे निष्प्रभ ठरते, कारण उसना दिलेला शिक्का कोणत्याही भागीदारीच्या कागदावर येत नाही.

शहराने २०१६ साली वायुसुरक्षेविषयी अनेक स्थानिक कायदे केले. त्यांपैकी दोन येथे प्रस्तुत आहेत. एका कायद्याने, १ जानेवारी २०२० पासून, वायूच्या नळाचे काम करणाऱ्या कामगारासही स्वतंत्र पात्रता-प्रमाणपत्र आवश्यक केले. मास्टर प्लंबरच्या देखरेखीखाली काम करीत असला तरी त्याची यातून सुटका नाही. दुसऱ्या कायद्याने बहुतेक इमारतींतील उघड्या वायुनळांची ठरावीक मुदतीने, सध्या दर चार वर्षांनी, तपासणी सक्तीची केली. ही तपासणी मास्टर प्लंबरने किंवा त्याच्या देखरेखीखालील पात्र व्यक्तीने करावयाची आहे. पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळाला हात लावणाऱ्या कामगारासाठी मात्र तशी प्रमाणपत्राची सक्ती या कायद्याने केलेली नाही; तेथे अजूनही मालकाच्या परवान्यावरच भिस्त आहे.